मिनी-डीव्ही कॅसेट संगणकावर उतरवताना अडलं तर

'डिव्हाइस सापडलं नाही' असं पडद्यावर आलं, की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर बदलून पाहतात. दोष तिथे क्वचितच असतो. मिनी-डीव्ही टेपवरचं चित्र मुळातच डिजिटल असतं आणि कॅप्चर करताना तोच डेटा जसाच्या तसा उतरतो. तेव्हा केबल, ड्रायव्हर, कॅमेरा, टेप, डिस्क असं एकेक तपासत जा. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

केबल आणि पोर्ट

कॅमेऱ्याला यूएसबी पोर्ट असला तरी तो या कामाचा असेलच असं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यातून कार्डावरचे फोटो किंवा वेबकॅमसारखं छोटं चित्र, एवढंच मिळतं. टेपवरचं पूर्ण चित्र 'फायरवायर' नावाच्या वेगळ्या पोर्टमधून येतं. त्या पोर्टवर 'डीव्ही', 'आयईईई १३९४' किंवा सोनीच्या कॅमेऱ्यांवर 'आय-लिंक' लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याकडचं टोक ४ पिनांचं असतं. संगणकाकडे ४, ६ किंवा ९ पिनांचं लागतं, ते आधी बघून घ्या. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी साधी केबल विकत मिळते, पण घेऊ नका. नुसत्या तारा जोडून एका पद्धतीचा डेटा दुसऱ्या पद्धतीत जात नाही. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवणार असाल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं निवडा, त्रास कमी होतो. मॅकवर थंडरबोल्ट-फायरवायर अ‍ॅडाप्टर चालतो, पण मॅकओएस २६ मधून फायरवायरची सोयच काढली आहे. त्याआधीची आवृत्ती हवी.

६ पिनांच्या पोर्टमधून वीजही येते. प्लग उलटा दाबून घुसवला तर कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट कायमचा जळू शकतो. एका बाजूने निमुळता असलेला त्याचा आकार नीट बघा आणि दोन्ही उपकरणं बंद ठेवूनच जोडा.

विंडोजचा ड्रायव्हर

केबल ठीक असूनही कॅमेरा दिसत नसेल, किंवा दिसून मध्येच गायब होत असेल, तर जुना 'लेगसी' ड्रायव्हर लावून पाहा. विंडोज ७ मध्ये तो आधीपासून असतो. विंडोज ८ आणि पुढे मायक्रोसॉफ्टचं लेगसी ड्रायव्हरचं पॅकेज आधी इन्स्टॉल करावं लागतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ होस्ट कंट्रोलरवर राइट-क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' निवडा, यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घ्या, नावाच्या शेवटी 'लेगसी' असलेला ड्रायव्हर लावा आणि संगणक रीस्टार्ट करा.

कॅमेरा 'कॅमेरा' मोडवर नको, 'प्ले' किंवा 'व्हीसीआर'वर हवा. बॅटरीवर चालवू नका, चार्जर जोडा. एचडीव्ही (तशाच टेपवर हाय-डेफिनिशन चित्र घेणाऱ्या) कॅमेऱ्यात आणखी एक गोम असते: मेनूत आउटपुट एचडीव्ही आहे की डीव्ही, ते सॉफ्टवेअरशी जुळायला हवं. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरपैकी विनडीव्ही फक्त डीव्ही घेतं, एचडीव्हीसाठी एचडीव्हीस्प्लिट वापरा.

चित्र फुटतंय

इथे घाई केली की टेप आणि वेळ दोन्ही वाया जातात. खराब जागा रिवाइंड करून कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर बघा. तिथे चित्र स्वच्छ आणि फाइलमध्ये तुटक असेल, तर दोष केबलचा किंवा डिस्कचा. स्क्रीनवरही चौकोन दिसले आणि दर वेळी त्याच जागी दिसले, तर टेपच खराब आहे. दर वेळी जागा बदलत असेल तर हेड, म्हणजे कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग, मळलेलं असण्याची शक्यता जास्त. चित्राचे आडवे पट्टे पडून एक आड एक पट्टा गोठलेला दिसला, तर फिरत्या ड्रमवरच्या दोन हेडांपैकी एक बंद पडलंय असं समजा. कोरडी क्लीनिंग कॅसेट १० सेकंद चालवा, त्याहून जास्त नको. ती हेड घासूनच साफ करते. 'एलपी'वर (टेप जास्त वेळ पुरावी म्हणून कमी वेगाने) रेकॉर्ड केलेली टेप शक्यतो मूळ कॅमेऱ्यातच वाजवा, दुसऱ्यात तिचं चित्र अनेकदा फुटतं. वर्षानुवर्षं पडून असलेली टेप आधी शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि मग पूर्ण रिवाइंड करून घ्या, म्हणजे तिचा ताण सारखा होतो.

डिस्क आणि आवाज

डीव्हीला सेकंदाला साधारण ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते. साधारण १९ मिनिटांनी कॅप्चर आपोआप थांबत असेल तर ड्राइव्ह फॅट३२ आहे; त्यावर ४ गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस ड्राइव्ह वापरा. फ्रेम गळत असतील तर अँटिव्हायरसचं स्कॅनिंग आणि क्लाउडचं सिंक तेवढ्यापुरतं बंद ठेवा.

आवाज हळूहळू मागेपुढे सरकत असेल तर टेपवर काही भाग १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ आणि काही १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ असू शकतो. असे भाग वेगळ्या फाइलींत घ्या. मध्ये रिकामी टेप आली की टाइमकोड (टेपवरची वेळेची नोंद) शून्यावर जातो आणि सॉफ्टवेअर थांबतं. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं डिव्हाइस कंट्रोल (संगणकावरून कॅमेरा चालवण्याची सोय) बंद करून कॅमेऱ्यावर हातानेच प्ले दाबा आणि रिकामी जागा गेल्यावर कॅप्चर सुरू करा.

हलत्या वस्तूंच्या कडांना फणीसारख्या बारीक आडव्या रेषा दिसल्या तर तो बिघाड नाही, चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एक आड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) बनलेली आहे. मूळ डीव्ही फाइल तशीच राहू द्या; डीइंटरलेस करायचं (त्या रेषा काढायच्या) ते बघण्यासाठीच्या प्रतीत, सॉफ्टवेअरमध्ये खालचं फील्ड आधी ('लोअर फील्ड फर्स्ट') धरून.