मक्याचे केस फेकताय? आधी हे वाचा

पावसात मांडवीला गेलं की गाडीवरचं भाजलेलं कणीस, वर मीठ-मिरची-लिंबू, हे ठरलेलंच, पण घरी कणसं आणली की साल आणि केस सरळ कचऱ्यात. त्या केसांचा काढा चीन, तुर्कस्तानात लघवी साफ व्हायला पूर्वीपासून पितात. त्यात पोटॅशियम आणि फ्लेवोनॉइड्स (झाडं स्वतः बनवतात ती एक प्रकारची द्रव्यं) असतात, त्यातलं एक मेसिन, जे झाड खरंतर कणसातल्या अळीला पळवायला बनवतं 😄

तर करायचं असं. फवारणीचा भरवसा नसेल तर केस घेऊच नका, आपल्या परसातलं नाहीतर ओळखीच्या माणसाकडचं कणीस बघा. टोकाचा तपकिरी, सुकलेला भाग कापून टाका, सालीच्या आतले फिकट, जरा चिकट केस घ्या (एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो, सोलताना बघा एकदा). दोन-तीन कणसांचे केस धुवून दोन कप पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, गाळा, कोमट प्या. चव गवतासारखी, किंचित गोडसर. सुकवून ठेवायचं म्हणाल तर आपल्याकडच्या श्रावणात विसरा, मी एकदा पडवीत पेपरावर पसरले आणि चौथ्या दिवशी कुबट वास आणि काळे ठिपके, सगळं टाकलं. पंख्याखाली कुरकुरीत होत असतील तरच ठेवा.

आता मूतखडा विरघळतो वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यावर जाऊ नका, बरेचसे प्रयोग प्राण्यांवरचे किंवा लहान आहेत. बीपीची, शुगरची, लघवीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

माझं विचाराल तर खरा माल दाण्यात आहे. पिवळ्या दाण्यात ल्युटिन आणि झिअॅक्सँथिन ही पिवळी रंगद्रव्यं असतात, आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात हीच दोन द्रव्यं असतात, पांढऱ्या मक्यात ती जवळजवळ नसतातच. दाण्याच्या सालीत फेरुलिक अॅसिड (एक अँटिऑक्सिडंट) असतं पण घट्ट बांधलेलं, शिजवल्यावर थोडं सुटतं. आणि ल्युटिन तेलात विरघळणारं, त्यामुळे नुसतं उकडून खाण्यापेक्षा सोबत स्निग्ध काहीतरी हवं, ते कोकणात सांगायला नको, कणसाचे तुकडे ओल्या खोबऱ्याच्या वाटणात आमटीसारखे शिजवायचे, वरून दोन आमसुलं.