जुलाब मोजता, शू मोजता का? मुलांच्या अंगातलं पाणी कमी होताना या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीपार, नळाला काही दिवसांआड पाणी आणि दारात भरून ठेवलेली पिंपं. याच दिवसांत आमच्या ओपीडीत उलट्या-जुलाबाची लेकरं वाढतात. आई आल्या आल्या सांगते, "सिस्टर, सकाळपासून आठ वेळा झालं." मी विचारते, "आणि शू शेवटची कधी केली?" तिथं बहुतेकजणी अडखळतात. मला खरी काळजी असते ती या शूचीच. लंगोट सहा-सहा तास कोरडा राहिला किंवा लघवी गर्द पिवळी झाली, तर अंगातलं पाणी कमी पडतंय.

डोळे खोल गेलेत का, हे आईइतकं कुणालाच कळत नाही; तिला रोजचा चेहरा माहीत असतो. मूल चिडचिडं झालंय, पेला दिसला की झडप घालतंय, हीसुद्धा खूण. कातडीची चिमट हातावर घेऊन उपयोग नाही. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध घ्या. सोडल्यावर घडी सावकाश मिटली तर पाणी कमी झालंय. 2 सेकंदांहून जास्त वेळ लागला तर दवाखाना गाठायचा. फक्त एवढं लक्षात ठेवा, रोड मुलात ही चिमट फसवते आणि गुटगुटीत मुलात खूण लपून जाते.

ओआरएसची पुडी अंदाजानं कालवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओआरएस म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पुडी. साखर पेठेतल्या एका आजींनी 1 लिटरची अख्खी पुडी छोट्या पेल्यात कालवली होती, "जोर यावा म्हणून." नातू तोंड वाकडं करून थुंकत होता, आणि बरं झालं थुंकत होता. इतकं दाट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं, झटकेही येऊ शकतात. उलट चिमूट-चिमूट घातलेलं पातळ पाणी कामाचं नाही. मोठी पुडी 1 लिटरला, छोटी 200 मिलीला. पुडीवर छापलेलं वाचा. पाण्याची 1 लिटरची बाटली हेच घरचं माप. पिंपातलं पाणी उकळून गार करा, मग पुडी घाला. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

प्रत्येक जुलाबानंतर हे ओआरएस दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200 मिली द्या. कोल्ड्रिंक आणि खोक्यातला गोड ज्यूस नको. त्यातली जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

"उलटी होते, सलाईनच लावा"

उलटी झाली की 10 मिनिटं थांबा, मग चमच्यानं ओआरएस सुरू करा. दर मिनिटाला 5 मिलीचा एक चमचा म्हणजे तासाला 300 मिली! 10 किलोच्या मुलाला पाणी थोडं कमी झालं असेल तर 4 तासांत साधारण 750 मिली लागतं, म्हणजे चमचा पुरतो. हात दुखतो, कंटाळा येतो, मान्य. पण सुई टळते. देता देता पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवा, साधं पाणी किंवा अंगावरचं दूध द्या.

जुलाब बांधणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना कधीच देऊ नका. झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्या मात्र 14 दिवस पूर्ण करा, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. आशाताईंकडे पुडी आणि झिंक दोन्ही मिळतं. जेवणही तोडू नका. मऊ भात, वरण, ताक चालतं.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर नुसत्या उन्हाळ्यासाठी वरचं पाणी नको, आईचं दूध पुरतं. जुलाब लागले तर दूध चालू ठेवून वर ओआरएस द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मूल गळून पडलंय, उठवूनही उठत नाही, पिऊ शकत नाही, प्रत्येक घोट उलटतोय, शीमध्ये रक्त दिसतंय, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ रिक्षा धरा. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर दवाखान्याच्या दारापर्यंत चमचा चालूच ठेवा.