व्ह्यूज वाढले, पण कोणी शिकलं का?

ऑनलाइन वैद्यकीय शिक्षणाच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला डॅशबोर्ड फार आवडतो. मलाही आवडतो. पण व्ह्यूजच्या आकड्यावरून व्हिडिओ किती जणांपर्यंत पोचला हेसुद्धा धड कळत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री एकच विद्यार्थी तो पाचदा उघडतो. अल्टमेट्रिक स्कोअरचं, म्हणजे लेखाची ऑनलाइन किती चर्चा झाली त्या आकड्याचं, तेच. चर्चा झाली हे कळतं, मजकूर बरोबर होता का हे नाही.

शिकणं मोजायची चौकट जुनीच आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार अंगांनी मांडलं: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. बहुतेक फीडबॅक फॉर्म पहिल्यापाशीच थांबतात. शिकवणारा बोलायला गोड असला की पाचपैकी पाच मिळतात, हा माझा अनुभव.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘शिकलात का’ इथे, जरा रेंगाळा. प्री-टेस्ट, व्हिडिओ, लगेच पोस्ट-टेस्ट केली की गुण वाढतातच, उत्तरं ताजी असतात. प्रश्न बदलून काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या. आणि तुलना कशाशी, हे आधी ठरवा. डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण मांडलं. काहीच न शिकवण्याच्या तुलनेत इंटरनेटवरचं शिक्षण खूप प्रभावी ठरलं. नेहमीच्या शिकवण्याशी तुलना केली तर फरक सरासरीने किरकोळ निघाला. त्यामुळे ‘आमच्या मॉड्यूलने ज्ञान वाढलं’ या वाक्याने मी आता भारावून जात नाही.

वागणं मोजणं सगळ्यात अवघड, आणि खरी मजाही तिथेच. मॉड्यूल अँटिबायोटिकच्या वापरावर असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या प्रिस्क्रिप्शनचं ऑडिट करा. पण त्याच काळात वॉर्डात नवा प्रोटोकॉल आला असेल तर श्रेय कोणाचं? जमल्यास मॉड्यूल न पाहिलेल्या युनिटचे आकडेही शेजारी ठेवा. एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) माहिती गोळा करायच्या आधी जायचं, नंतर नाही.

एवढं झेपणार नसेल तर निदान व्हिडिओचा रिटेन्शन ग्राफ, म्हणजे कोणता भाग किती पाहिला गेला ते दाखवणारा आलेख, बघा. लोक एकाच जागी पुन्हा पुन्हा मागे जात असतील, तर तो भाग एकतर फार उपयोगी आहे किंवा फार गोंधळाचा. यातलं नेमकं काय, ते ग्राफ सांगत नाही. चार विद्यार्थ्यांना विचारलं की दहा मिनिटांत कळतं.