कन्सोलसाठी नवा टीव्ही घेताय? या चुका टाळा

दुकानातल्या टीव्हीवर कायम मोर, धबधबा, नाहीतर पाण्यात विरघळणारे रंग चालू असतात. त्यात कुठलाही टीव्ही भारीच दिसतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवर गेम खेळायला टीव्ही घ्यायचा असेल तर ते चित्र सोडा, मागच्या बाजूला जाऊन एचडीएमआय पोर्टवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

‘एकशे वीसचा आहे भाऊ, डोळे झाकून न्या’

संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ छापलेलं असतं आणि विकणारा पोरगा तेवढंच वाचून दाखवतो. प्रत्यक्षात पॅनल असतं ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवणारं. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवतो, बॅकलाइटची उघडझाप करतो, असलं सगळं धरून कंपनीने सांगितलेला तो आकडा. क्रिकेट बघायला ठीक आहे. गेममध्ये मात्र त्या फ्रेम बनवण्यात वेळ जातो आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो.

त्यामुळे प्रश्न असा विचारा : पॅनल नेटिव्ह (मूळचं) किती हर्ट्झचं? उत्तर तोंडी घेऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर मोबाइलवर टाकून कंपनीच्या साइटवर तिथंच तपासा. नंबर पूर्णच टाकायचा, कारण एकाच सिरीजमधला ५५ इंची १२० हर्ट्झचा आणि ४३ इंची ६० चा, असं सर्रास असतं.

पोर्टचंही तसंच. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, २.१ मधून ४८ पर्यंत. फोर-के (३८४० x २१६० ठिपक्यांचं) चित्र १२० हर्ट्झने हवं तर २.१ लागतंच. पण नुसत्या ‘२.१’ वर जाऊ नका, ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही तो आकडा छापलेला सापडतो. फोर-के १२० घेतो का आणि व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे टीव्हीचा वेग जुळवणारी सोय) आहे का, हे दोन्ही वेगवेगळं विचारा. बऱ्याच टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट त्या ताकदीचे असतात, आणि बऱ्याचदा त्यातलाच एक साउंडबारसाठीचा ईएआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा. घरात कन्सोल दोन आणि साउंडबार एक असेल तर हिशोब आधीच मांडा. जुन्या साउंडबारमधून कन्सोलची वायर फिरवली की १२० गेलंच. कन्सोल सरळ टीव्हीला लावा आणि आवाज ईएआरसीमधून बाहेर काढा.

आता खरं सांगायचं तर १२० सगळ्यांना लागतही नाही. साधा पीएस४ (प्लेस्टेशन ४) १०८० पी (फुल एचडी) आणि ६० च्या पुढे जात नाही. पीएस५ वरचेही बहुतेक गेम ३० किंवा ६० फ्रेमवरच चालतात. बजेट ताणलेलं असेल तर १२० चा हलक्या दर्जाचा टीव्ही घेण्यापेक्षा काळा रंग चांगला दाखवणारा, कमी लॅगचा (बटण दाबल्यावर कमी उशीर लावणारा) ६० हर्ट्झवाला केव्हाही बरा, असं माझं मत. फक्त पीएस५ असेल तर गेमसाठी डॉल्बी व्हिजनचे (एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवणाऱ्या चित्राचा एक प्रकार) जादा पैसे मोजू नका. तो कन्सोल एचडीआर१० या दुसऱ्या प्रकारावरच चालतो. एक्सबॉक्स सिरीजवाल्यांना डॉल्बी व्हिजनचा उपयोग आहे.

कुणीतरी पूर्वी घेतलेल्या टीव्हीची किंमत मनात धरून घासाघीस करणार असाल तर एक लक्षात ठेवा : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुनं बिल त्याआधीचं असू शकतं.

घरी आणला, पण मजा येईना

टीव्ही परत करायला निघण्याआधी सेटिंग उघडा. बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात.

बटण उशिरा लागतंय? त्या पोर्टला गेम मोड (चित्रावरची जादा प्रक्रिया बंद करणारी सेटिंग) चालू आहे का बघा. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. गेम मोड बंद असला की काही टीव्ही शंभरच्या आसपास मिलिसेकंद खातात, म्हणजे गोलकीपरने उडी मारेपर्यंत बॉल जाळ्यात.

रंग फिके, एचडीआर लागत नाही किंवा १२० दिसतच नाही? बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक पोर्टचा पूर्ण वेग वेगळा चालू करावा लागतो. कुणी त्याला ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणतं, कुणी ‘डीप कलर’, कुणी ‘इनपुट सिग्नल प्लस’. मग पीएस५ मध्ये स्क्रीन अँड व्हिडिओमधली ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ उघडा. ३८४० x २१६० च्या पुढे किती हर्ट्झ लिहिलंय ते तिथं कळतं. एक्सबॉक्सवर ‘फोर-के टीव्ही डिटेल्स’मध्ये टीव्हीला काय जमतं आणि काय नाही याची यादीच येते. तरीही ६० च दिसत असेल तर गेममधला परफॉर्मन्स मोड (जास्त फ्रेमचा पर्याय) लावायचा राहिलाय का बघा.

स्क्रीन मधेच काळी पडते? वायर बदला. सेट-टॉप बॉक्सची जुनी वायर इथे चालत नाही. कन्सोलच्या खोक्यात आलेलीच लावा.

ऊन आणि लाइट

पीएस५ साठी सोनीने सांगितलेलं चालतं तापमान ५ ते ३५ अंश आहे. परभणीत मे महिन्यात बाहेर पारा बेचाळिशी ओलांडतो, आणि आपण कन्सोल ठेवतो काचेच्या शोकेसमध्ये. दार काढा, नाहीतर बाहेर टेबलावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. खिडकी समोर असेल तर ओएलईडी प्रकारच्या पॅनलपेक्षा जास्त उजेडाचा एलईडी दिवसा कामाला येतो.

आजचे टीव्ही आणि कन्सोल कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात. त्रास होतो तो लाइट झटक्यात जाऊन झटक्यात येते तेव्हा. पीएस५ आणि ५५ इंची टीव्ही मिळून साधारण तीनशे-साडेतीनशे वॉट घेतात, म्हणून ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसची क्षमता, वॉटमध्ये ती कमी भरते) छोटा यूपीएस काठावरच पडतो. १००० व्हीएचा घ्या, गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. अवकाळीत विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग तर काढाच, पण डिशची वायरही काढा. बोर्डाचं बटण बंद केलं तरी छतावरून येणारी ती वायर सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीला जोडलेलीच असते.