एसआरएमवर रिसर्च करायचाय? आधी मोटर मोजायला शिका

स्विच्ड रिलक्टन्स मोटरवर, म्हणजे एसआरएमवर, एम.टेक. किंवा पीएचडी करू का असं विचारणारी मुलंमुली मला हल्ली बरीच भेटतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने रेअर अर्थच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यापासून तर जास्तच, कारण मॅग्नेट वेळेवर मिळेनात म्हणून ईव्हीवाल्यांची कशी धावपळ झाली ते चाकण-आकुर्डीकडे ज्यांचं कुणी कामाला आहे त्यांनी घरबसल्या ऐकलंय, आणि या मोटरला मॅग्नेट लागतच नाही. मी या मोटरवर पुण्यात साडेपाच वर्षं काढली, डिझाइन पण केलं, कंट्रोल पण केलं, आणि माझं उत्तर नेहमी एकच असतं: करा, जरूर करा, पण अल्गोरिदमच्या मागे लागायच्या आधी हातातली मोटर नीट मोजायला शिका. मी हे उलटं केलं होतं आणि त्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं.

अगदी नवीन असाल तर थोडक्यात सांगते. या मोटरच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, काहीच नसतं, मॅग्नेट नाही, वायंडिंग नाही, नुसते स्टीलच्या पत्र्यांचे दात. स्टेटरला, म्हणजे स्थिर भागालाही दात, या दातांना पोल म्हणतात, त्यांच्यावर कॉइल, आणि समोरासमोरच्या कॉइल जोडून एक फेज होते. एका फेजमध्ये करंट सोडला की जवळचा रोटरचा दात त्या पोलसमोर ओढला जातो, तो समोर येतोय न येतोय तोवर ती फेज बंद करून पुढची चालू करायची, बस, मोटर फिरते. आता ८/६ मोटर घ्या, म्हणजे स्टेटरला ८ पोल, रोटरला ६, फेज ४. एका फेजपासून दुसऱ्या फेजला रोटर १५ अंश सरकतो. करंट कुठल्या दिशेने वाहतोय याने टॉर्कला, म्हणजे फिरवणाऱ्या जोराला, काही फरक पडत नाही, म्हणून कन्व्हर्टरही वेगळा लागतो, एका फेजला दोन स्विच दोन डायोड, ज्याला आपण असिमेट्रिक हाफ ब्रिज म्हणतो. त्यात वरचा आणि खालचा स्विच यांच्या मधे कॉइल असते त्यामुळे शूट-थ्रूची, म्हणजे दोन्ही स्विच एकदम चालू होऊन सप्लाय शॉर्ट व्हायची, भीती नाही, हे मला या मोटरचं सगळ्यात आवडणारं अंग आहे. कल्पना काही नवीन नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसनने याच तत्त्वावर बॅटरीचं इंजिन बनवून १८४२ मध्ये एडिंबरो-ग्लासगो रेल्वेवर चालवून बघितलं होतं, पण फेज वेळेवर चालूबंद करणारे स्विच तेव्हा कुठे होते, त्यामुळे ही मोटर खऱ्या अर्थाने कामाला आली ती पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर, १९७०-८० च्या सुमाराला.

एक घोटाळा मात्र इथेच मिटवून टाका. सिंक्रोनस रिलक्टन्स मोटर वेगळी आणि स्विच्ड रिलक्टन्स वेगळी. पहिलीचा स्टेटर आपल्या नेहमीच्या इंडक्शन मोटरसारखा, साइन करंट, नेहमीचा थ्री-फेज इन्व्हर्टर. टेस्ला मॉडेल ३ च्या मोटरला बरेच जण स्विच्ड रिलक्टन्स म्हणतात, ती तशी नाही, तिच्यात मॅग्नेट आहेत. प्रपोजल प्रेझेंटेशनमध्ये हीच चूक करणारी मुलं मी बघितलीत आणि मग पुढची वीस मिनिटं तेच निस्तरण्यात जातात.

आता पुण्यात मोटर बनवून घ्यायचं म्हणजे काय ते सांगते, कारण हे कुठल्याच रिसर्च पेपरात लिहिलेलं नसतं. सिंगल पीस साठी डाय (पत्रे कापायचा साचा) कुणी बनवत नाही, म्हणून स्टॅम्पिंग, म्हणजे रोटर-स्टेटरचे पत्रे, वायरकटवर (तारेच्या ठिणगीने धातू कापणारं मशीन) कापून घ्यायचे, भोसरीत आणि चिंचवडला वायरकटवाले भरपूर आहेत, पण गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीची सुट्टी असते, मी पहिल्यांदा पीएमपीच्या दोन बस बदलून गेले आणि शटर बघून परत आले. पत्रा ०.५ मिमीचा सिलिकॉन स्टील बहुतेक ठिकाणी मिळतो, ०.३५ हवा असेल तर आधी फोनाफोनी करा. एअर गॅप, म्हणजे रोटर आणि स्टेटरमधली फट, आमचा ०.४ मिमी होता. ड्रॉइंगवर हा आकडा लिहायला काही वाटत नाही, पण बेअरिंगची सीट ०.१ मिमी जरी एका बाजूला गेली तरी तो गॅपचा पाव भाग झाला ना, म्हणून टर्नरशेजारी स्वतः उभं राहून डायल लावून बघा, लाजू नका, त्यांना असं बघणारी मुलं आवडतात. वायंडिंगसाठी मी तापकीर गल्लीतून एनॅमलची तार आणि इन्सुलेशन पेपर घेतला आणि पेठेतल्या एका वायंडिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी रोटर हातात घेऊन दोनदा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ताई, यात ना तार ना मॅग्नेट, हा फिरणार कशाच्या जोरावर?" मी त्यांच्याच टेबलावर एका कॉइलला बारा व्होल्टची बॅटरी लावली, रोटर खट्कन येऊन पोलसमोर थांबला. त्यानंतर त्यांनी आठही कॉइल एकदम सारख्या गुंडाळून दिल्या, एक वेढा इकडे नाही की तिकडे नाही, आणि प्रत्येक कॉइलला दोऱ्याने नंबर बांधून ठेवला. तो नंबर पुढे टेस्टिंगला फार कामी आला.

आता मोजणं. या मोटरमध्ये सगळं काही फ्लक्स लिंकेजच्या कर्व्हवर अवलंबून असतं, कुठल्या कोनात किती करंटला कॉइलमधून किती फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) जातो. पुस्तकातलं टॉर्कचं सूत्र, अर्धा गुणिले करंटचा वर्ग गुणिले इंडक्टन्सचा उतार, हे लोखंड सॅच्युरेट होत नाही, म्हणजे आणखी फ्लक्स सहज घेतं, तोवरच खरं, आणि ही मोटर तर मुद्दाम सॅच्युरेशनमध्ये चालवतात. मी सुरुवातीला कर्व्ह २डी फाइनाइट एलिमेंट सिम्युलेशनवरून काढले, एफईएमएम हे सॉफ्टवेअर फ्री आहे, शिकायला छान आहे, आणि अलाइन्ड पोझिशनला, म्हणजे रोटरचा दात पोलच्या बरोबर समोर असताना, आकडे जुळलेही. पण रोटरचा दात दोन पोलच्या बरोबर मधे असतो त्या अनअलाइन्ड पोझिशनला फ्लक्स हवेतून, कॉइलच्या टोकांभोवतून कसाही जातो, २डी मॉडेलला ती टोकं दिसतच नाहीत, म्हणून तिथलं इंडक्टन्स खऱ्यापेक्षा कमी येतं. आणि करंट किती लवकर चढेल हे नेमकं तिथल्याच इंडक्टन्सवर ठरतं! माझा सिम्युलेशनमधला करंट झपकन चढायचा, बेंचवरचा चढायचाच नाही, आणि मी कंट्रोलरला दोष देत बसले होते.

मोजायची पद्धत साधी आहे. वर्कशॉपमधून डिव्हायडिंग हेड (शाफ्ट हव्या त्या कोनात फिरवून धरणारं साधन) मागून आणा, शाफ्ट त्यात पकडा, एका कोनात रोटर पक्का लॉक करा, फेजला डीसी व्होल्टेजचा पल्स द्या, व्होल्टेज आणि करंट दोन्ही ऑसिलोस्कोपवर घ्या, मग व्होल्टेजमधून करंट गुणिले रेझिस्टन्स वजा करून इंटिग्रेट करा, झालं फ्लक्स लिंकेज. ८/६ मध्ये अनअलाइन्डपासून अलाइन्डपर्यंत ३० अंश, एकेक अंशाने घेतलं तर ३१ जागा, दोन दिवसांचं काम. फक्त व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवरच घ्या, सप्लायकडे नाही. आणि कॉइल तापू देऊ नका, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंश तापली की ८ टक्के झाले आणि इंटिग्रेशनमध्ये ती चूक साचत जाते, म्हणून प्रत्येक पल्सनंतर थांबायचं, चहा घेऊन या, मग पुढचा कोन. क्लॅम्प मजबूत पाहिजे, मधल्या कोनांना रोटर असा हिसका देतो की ढिला क्लॅम्प अर्धा अंश फिरतो आणि कळत पण नाही.

झिरो पोझिशन ही दुसरी जागा जिथे लोक अडकतात. फेजला थोडा डीसी करंट दिला की रोटर आपोआप अलाइन होतो आणि एन्कोडरचा (शाफ्टचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा) तो आकडा झिरो धरतात, पण बेअरिंगच्या फ्रिक्शनमुळे तो अलीकडेच थांबतो. म्हणून एकदा डावीकडून येऊ द्या, एकदा उजवीकडून, आणि दोन्हीचा मध्य घ्या. मी ते सगळं केलं होतं, पण एन्कोडरच्या कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल होता आणि झिरो २ अंशांनी सरकला. २ अंश ऐकायला काहीच नाही, पण रोटरला ६ दात म्हणजे तो १२ इलेक्ट्रिकल अंश झाला. टॉर्क पडला, आवाज वाढला, आणि मी सहा आठवडे पीआय कंट्रोलरचे गेन बदलत राहिले. शेवटी एका रात्री शाफ्ट हाताने हलवून बघितला आणि एन्कोडर त्याच्याबरोबर हललाच नाही. तेव्हा मी लॅबमध्ये एकटी होते आणि खरं सांगते, रडले. तेव्हापासून ग्रब स्क्रूला थ्रेड लॉक लावल्याशिवाय आणि मार्करने शाफ्टवर रेघ ओढल्याशिवाय मी पॉवर देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

कंट्रोलचं म्हणाल तर कमी स्पीडला हिस्टेरेसिसने, म्हणजे स्विच चालूबंद करत, करंट ठरलेल्या पट्ट्यात धरून ठेवायचा, जास्त स्पीडला बॅक ईएमएफ (मोटर फिरल्याने उलट तयार होणारं व्होल्टेज) इतका वाढतो की करंट धरायला वावच राहत नाही, मग हातात फक्त दोन गोष्टी उरतात, फेज कधी चालू करायची आणि कधी बंद. टॉर्क रिपल, म्हणजे टॉर्कमधले चढउतार, आणि आवाज ही या मोटरची खरी दोन दुखणी. १५०० आरपीएमला आमच्या मोटरच्या प्रत्येक फेजला सेकंदाला १५० वेळा करंट जायचा, चार फेज मिळून ६०० ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला स्टेटर किंचित दबतो आणि सुटतो. त्या ठोक्यांची हार्मोनिक स्टेटरच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर आली की मोटर अक्षरशः किंचाळते. म्हणून विषय निवडताना माझं मत असं की नुसतं "नवीन ऑप्टिमायझेशन लावून रिपल कमी केला" हे करू नका, सिम्युलेशनमध्ये रिपल कमी करणारे ढीगभर पेपर आहेत. बेंचवर आवाज आणि टॉर्क दोन्ही मोजून, पोलचा आकार आणि करंटचा आकार एकत्र बदलून जे काम होतं ते अजून खूप बाकी आहे, आणि ते करायचं तर डिझाइनवाला आणि कंट्रोलवाला एकाच डोक्यात पाहिजे.

गाइड बघताना त्यांचे पेपर किती यापेक्षा लॅबमध्ये लोड लावायला काय आहे, टॉर्क सेन्सर चालू आहे का, हे विचारा. पैशांचं म्हणाल तर जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पण ग्रँट कधी उशिरा येते, तेव्हा दोनतीन महिन्यांची सोय हाताशी ठेवा, घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. कंट्रोलर बोर्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) सी२००० मायक्रोकंट्रोलरचा घेतला तरी चालतो, महागडा रॅपिड प्रोटोटायपिंग सेटअप नाही म्हणून थांबू नका.

नोकरीचं सगळे विचारतात. एसआरएम असं नाव लिहिलेल्या जागा कमीच, पण मोटर कंट्रोल, इन्व्हर्टर, टेस्टिंग यात पुण्यात मागणी चांगली आहे. माझ्या इंटरव्ह्यूला समोरच्यांनी पीएचडीचं टायटल पण वाचलं नाही, एका फेजच्या करंटचा स्कोपवरचा प्रिंट समोर ठेवला, शेजारी इंडक्टन्सचा कर्व्ह, आणि म्हणाले यात काय चुकलंय सांगा. मी पेन्सिल घेतली आणि अलाइन्ड पोझिशनवर एक उभी रेघ मारली. करंटची शेपटी रेघेच्या चांगली पाच-सहा अंश पलीकडे गेली होती, म्हणजे तेवढा वेळ ती फेज रोटरला मागेच ओढत होती. टर्न-ऑफ, म्हणजे फेज बंद करायची वेळ, अलीकडे आणा असं मी सांगितलं, आणि मग त्यांनी विचारलं किती अलीकडे, तेव्हा मी म्हटलं, आधी या मोटरचे मोजलेले कर्व्ह दाखवा.