मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास: वेळेच्या हिशेबातल्या या चुका टाळा

मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. मुंबईहून लांब पल्ल्याची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४५ अशी वेळ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊच्या सुमारास पोचायला हवं. १५ च्या रात्री गेलात, तर विमान केव्हाच गेलेलं असतं. त्यामुळे घरच्या कॅलेंडरवर विमान सुटण्याची नव्हे, घर सोडण्याची तारीख आणि वेळ लिहा.

दुसरी चूक म्हणजे तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी. प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. समजा, मुंबईहून रात्री १:३० ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोचायचं आहे. दिसायला सहा तास. पण हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. ते मिळवले की साडेसोळा तास होतात. येताना हाच फरक वजा करायचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचाच धरा. हे विसरलं, तर विमानतळावर घ्यायला येणाऱ्या मुलांची वेळ तासभर चुकू शकते.

अंतरावरून वेळ काढणारेही फसतात. दोन्ही शहरांमधलं हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की चौदा तास येतात, पण जाताना प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास सहसा तास-दीड तासाने लवकर संपतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र नॉर्वे आणि आइसलँडच्या बाजूने जातो. त्यात एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केल्यावर हेच झालं. म्हणून जुन्या प्रवासाचा अंदाज वापरू नका, आपल्या तिकिटावर छापलेला एकूण कालावधीच पाहा.

मधुमेह असेल तर हा आकडा जास्तच महत्त्वाचा. घरातून निघून मुलाच्या घरी पोचेपर्यंतचे सगळे तास मोजा आणि इन्सुलिन, गोळ्या कधी घ्यायच्या हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.

स्वस्त पडतं म्हणून दुबईपर्यंत एक आणि पुढे दुसरं, अशी दोन वेगळी तिकिटं वयस्कर माणसांसाठी काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं विमान रखडलं तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही. थांबा घ्यायचाच असेल, तर सगळा प्रवास एकाच बुकिंगवर ठेवा आणि मध्ये निदान तीन तास असू द्या.