ओव्हनवाली कुकिंग रेंज वापरताय? मग या चुका टाळा

बडोद्यात करेलीबागेतल्या फ्लॅटवर राहायला आलो तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी उतरवून घेतली ती आमची कुकिंग रेंज, वर चार बर्नर, खाली गॅसचा ओव्हन, दांडिया बाजारच्या जुन्या घरी पाच वर्षं सिलेंडरवर वापरलेली. इथे पाइपचा गॅस. मग गॅसचं काम करणारे एक भाई आले, वरचे चारही जेट, म्हणजे ज्यांच्या बारीक भोकातून बर्नरला गॅस येतो त्या छोट्या तोट्या, बदलले, लाइटर मारून दाखवला, निळी ज्योत आली, "बेन, थई गयुं" (ताई, झालं) म्हणाले आणि गेले. ओव्हनच्या जेटकडे कोणी बघितलंच नाही, कारण तो खालच्या पत्र्याखाली असतो आणि तो पत्रा काढायला स्क्रू खोलावे लागतात. मलाही तेव्हा हे माहीत नव्हतं.

दिवाळीत नानकटाई करायला घेतली. आधी आम्ही सामान बेकरीत देऊन करून आणायचो, आता घरी ओव्हन आहे म्हटल्यावर घरीच करू असं ठरलं. ट्रे आत ठेवला, दार जरा जोरात लागलं, आतली ज्योत आधीच मरतुकडी, ती विझली. मला पत्ताच नाही. थोड्या वेळाने वास आला म्हणून दार उघडलं, बघते तर विझलेली, आणि मी काय केलं तर तिथल्या तिथे परत लाइटर मारला. भक्क करून जाळ बाहेर आला. हाताचे केस जळले, तेवढ्यावरच निभावलं, पण मुलगी शेजारी उभी होती आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. साध्या दोन बर्नरच्या शेगडीची सवय असलेली आपण माणसं रेंज पण तशीच वापरतो, पण तिच्यात खाली एक बंद पेटी आहे आणि बऱ्याचशा चुका त्या पेटीशीच होतात.

जेट बदललाय का, आणि सगळे बदललेत का?

सिलेंडरचा एलपीजी आणि पाइपचा पीएनजी हे दोन वेगळे गॅस आहेत. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या गॅसमधून एलपीजी साधारण अडीचपट उष्णता देतो, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक आणि पीएनजीचं मोठं. आता सिलेंडरचा जेट पाइपच्या गॅसवर राहिला तर ज्योत बारीक येते, कुकरची शिट्टी व्हायला कितीतरी वेळ लागतो, सिम केलं की विझते, दार आपटलं की विझते, म्हणजे माझ्या ओव्हनचं जे झालं तेच. उलटं केलं तर जास्त वाईट. पाइपवर वापरलेली रेंज गावाकडे सिलेंडरला जोडली आणि जेट तेच ठेवले तर गरजेपेक्षा खूप जास्त गॅस येतो, लांबलचक पिवळ्या ज्वाळा, भांडी काळी, आणि घरात कार्बन मोनॉक्साइड. जुनी रेंज विकताना किंवा नात्यात कोणाला देताना ती कुठल्या गॅसची आहे हे कागदावर लिहून मागच्या बाजूला चिकटवून द्या, खरंच द्या.

आणि काही ठिकाणी जेट न बदलता जुन्याच जेटचं भोक ड्रिलने मोठं करून देतात. हे बिलकुल करू देऊ नका. हाताने केलेलं भोक नेमकं त्या मापाचं होत नाही, कडेला खरवडलेलं राहतं, मग एक बर्नर भडकतो आणि दुसरा रडतो. तुमच्या मॉडेलचेच जेट मागवा, दोन दिवस जास्त लागले तरी चालेल. काम झालं की समोर उभं राहून मोजा, चार बर्नरचे चार, ओव्हनचा एक, ग्रिल असेल तर त्याचा आणखी एक. मग प्रत्येक नॉब सिमवर आणून बघा ज्योत टिकते का, कारण सिमला वेगळा छोटा स्क्रू असतो आणि तो सेट करायचा राहून जातो.

ओव्हन पेटवताना

आधी दार पूर्ण उघडा. मग नॉब फिरवा आणि लगेच पेटवा. आधी नॉब फिरवायचा, मग लाइटर शोधत बसायचं, असं नको. नाही पेटला तर नॉब बंद, दार उघडंच ठेवा, स्वयंपाकघराची खिडकी उघडा, पाच मिनिटं थांबा आणि मगच परत. मी ही पाच मिनिटं थांबले असते तर हाताचे केस जळले नसते. पेटल्यावर सुद्धा दार लगेच लावू नका, ज्योत सगळ्या भोकांतून नीट आली का ते वाकून बघा आणि मग दार हळूच लावा, लावल्यावर काचेतून परत एकदा बघा.

आता कितीतरी नवीन रेंजमध्ये ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारं सेफ्टी डिव्हाइस येतं, बऱ्याच जणांना त्याचं नीटसं माहीत नसतं. ज्योतीशेजारी एक छोटी दांडी असते, थर्मोकपल म्हणतात, ती तापली की किंचितशी वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. दांडी गार तर व्हॉल्व्ह बंद. म्हणूनच पेटवल्यावर नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा लागतो, दांडी तापायला वेळ लागतो म्हणून. लोकांना वाटतं नॉब खराब आहे. मग कोणी नॉबमागे काडी खोचतं, कोणी चिकटपट्टी लावून दाबून ठेवतं. असं करू नका हो, ज्याने जीव वाचणार तेच आपण बंद करतोय. दाबून धरूनही सोडलं की विझत असेल तर दांडीवर काजळी किंवा तेल चिकटलंय का बघा, गार असताना सुक्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, ती ज्योतीपासून लांब वाकली आहे का तेही बघा, आणि तरीही तसंच होत असेल तर माणूस बोलवा.

आमच्याकडे सगळ्यांचीच एक सवय, ओव्हन रिकामा दिसला की त्यात कढई, तवे, प्लास्टिकचे डबे ठेवून द्यायचे. पेटवायच्या आधी आत हात घालून रिकामा करा, रोज. तळाला फॉइल पण पसरू नका, सांडलेलं साफ करायचा कंटाळा म्हणून लोक पसरतात, पण तळाच्या फटींतूनच हवा आणि गरम वारा खेळतो, त्या बंद झाल्या की ज्योतीला हवा कमी पडते, केक खालून करपतो आणि वर कच्चा राहतो. ट्रेवर लावा फॉइल, तळाला नाही.

ज्योत पिवळी दिसली तर

ज्योत निळी आणि स्थिर हवी. मधे मधे एखादी नारिंगी ठिणगी उडते ती धुळीची किंवा मिठाची, त्याने काही होत नाही. पण टोकं सतत पिवळी राहत असतील, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर गॅस नीट जळत नाहीये. पहिलं कारण अगदी साधं असतं, बर्नर धुतला आणि ओलाच लावला, किंवा वरची टोपी तिरकी बसली. टोपीखाली खाच असते, ती जुळवून बसवा. दुसरं, भोकं बुजली, दूध उतू गेलं, पिठल्याचा थेंब पडला. सुईने मोकळी करा, टूथपिक वापरू नका, तुटून आत अडकते. तिसरं म्हणजे बर्नरच्या नळीत झुरळ किंवा कोळ्याचं जाळं, रेंज महिनाभर बंद राहिली की हे होतंच, उन्हाळ्यात गावी जाऊन आल्यावर तर नक्की बघा. एवढं करूनही पिवळीच असेल तर हवेची पट्टी (गॅसमध्ये हवा किती मिसळायची ते कमी-जास्त करणारी) आणि जेट बघायला जाणकार माणूस लागतो.

ज्योत बर्नरपासून सुटून वर उडत असेल, घुसघुस आवाज येत असेल तर गॅसचा दाब किंवा हवा जास्त झालीय. आणि फट् आवाज होऊन बर्नरच्या आतच जळायला लागलं तर लगेच बंद करा, गार होऊ द्या, टोपी बघा.

पिवळ्या ज्योतीचं एवढं मनावर घ्यायचं कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा जो वास आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा असतो, मोनॉक्साइडसाठी अशी काही सोय नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं व्हायला लागलं आणि रेंज चालू असेल तर ती बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि मग डॉक्टरकडे. आमच्याकडे मे महिन्यात लू लागते म्हणून आणि उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या थंडीत गार वारं येतं म्हणून, दोन्ही वेळेला खिडक्या गच्च बंद असतात, आणि उंधियूचं मोठं पातेलं तर तास दीड तास चढलेलं असतं. एक खिडकी उघडी ठेवाच. आणि ओव्हनचं दार उघडून खोली गरम करायला तर कधीच वापरू नका.

मागून जाणारी नळी

शेगडीची नळी ओट्यावर समोर दिसते, रेंजची मागे लपलेली असते, आणि ओव्हनचा मागचा पत्रा चांगलाच तापतो. नळी त्याला टेकली की कडक होते, मग तडा जातो. ती बाजूने काढा, पत्र्याला लागणार नाही अशी, आणि मध्ये पिळा पडू देऊ नका. सिलेंडर असेल तर आयएसआय मार्कची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्या, तिच्यावर तारीख छापलेली असते, साधारण पाच वर्षांनी बदलायची. जोड दिसणार नाही म्हणून त्यावर कापड गुंडाळू नका, आत चिरलं तरी कळत नाही. महिन्यातून एकदा साबणाचं पाणी ब्रशने लावायचं, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघायचं नाही.

मॉड्युलर किचन करताना पाइपच्या गॅसचा व्हॉल्व्ह कपाटात कोंडला जातो, वर डब्यांची रांग. तो एका हाताने, अंधारात, लगेच बंद करता आला पाहिजे. सुताराला आधीच सांगा.

वास आला तर पंखा, एक्झॉस्ट, दिवा काहीच चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, बटणात ठिणगी पडते. व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, फोन बाहेर जाऊन. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि रेंजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये साचतो, म्हणून फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडायला हवं. पीएनजी हलका, तो वर छताकडे जातो. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१. पाइपच्या गॅसचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावून ठेवा.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी. पुरणपोळीचा मोठा तवा दोन बर्नरवर पसरून ठेवला की उष्णता खाली दाबली जाते, नॉब वितळतात, काचेला तडा जातो. बर्नर गरम असताना वरचं काचेचं झाकण पाडलं की काच फुटते, तापलेल्या दाराच्या काचेवर ओलं फडकं फिरवलं तरी तेच. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद आणि वर मोठं झाकण, कढई हलवायची नाही. आणि ओव्हनच्या उघड्या दारावर लहान मूल चढलं तर आख्खी रेंज पुढे कलंडते, वर उकळतं वरण असतं. भिंतीला साखळी किंवा पट्टी मारून घ्या, बऱ्याच रेंजबरोबर ती येते आणि पिशवीतच पडून राहते, आमची पण चार वर्षं माळ्यावर होती. ऑटो इग्निशन सारखं टिकटिक करत राहिलं तर नॉबखाली पाणी गेलंय, प्लग काढा आणि पूर्ण वाळू द्या. हा प्लग तीन पिनचाच हवा आणि अर्थिंग चालू हवं, टू पिनचा जुगाड नको.

एक गोष्ट फक्त बडोद्यातल्या लोकांसाठी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा माझी मावशी तळमजल्यावर होती, ओव्हनच्या अर्ध्या दारापर्यंत पाणी. ओसरल्यावर मावसभाऊ म्हणाला दोन दिवस उन्हात वाळवू, झालं. मी नको म्हटलं. जेटमध्ये गाळ बसतो, ओव्हनच्या भिंतींत जे लोकरीसारखं असतं ते पाणी धरून ठेवतं, इग्निशनच्या वायरी भिजतात, आणि रेग्युलेटरला एक बारीक छिद्र असतं त्यातून चिखल आत गेला की दाबाचा भरवसा राहत नाही. रेग्युलेटर आणि नळी नवीनच घ्यायची, रेंज उघडून तपासल्याशिवाय पेटवायची नाही, पाइपचा गॅस असेल तर मीटर बुडालं होतं हे कंपनीला कळवायचं. मावशीची रेंज उघडली तेव्हा आठवडा होऊन गेला होता आणि आतली लोकर हाताने पिळली तर पाणी निघत होतं.